यूजनेटवर नवा न्यूजग्रुप मागायचा तर: नवख्या प्रस्तावकासाठी

यूजनेट म्हणजे जगभरच्या सर्व्हरांवर पसरलेलं चर्चेचं जाळं, आणि त्यातला एकेका विषयाचा चर्चागट म्हणजे न्यूजग्रुप. या जाळ्याला मालक नाही. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोघा विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविननं तिचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि १९८० पासून संगणक फोनच्या तारेवरून एकमेकांना मजकूर देऊ लागले. मूळ रचना आजही तीच आहे. प्रत्येक सर्व्हर स्वतंत्र, प्रत्येकाचा प्रशासक वेगळा, आणि आपल्या यंत्रावर कोणता गट ठेवायचा हे तो एकटा ठरवतो.

नवा गट मागणाऱ्यानं ही गोष्ट आधी पक्की मनात बसवावी. प्रस्ताव मंजूर झाला तरी गट लोकांपर्यंत पोचतो तो अनेक अनोळखी प्रशासकांनी तो यादीत घेतला तरच. म्हणून नावापासून चार्टरपर्यंत (म्हणजे गटाच्या कार्यकक्षेपर्यंत) जे काही लिहाल ते फिनलंडमधल्या नाहीतर जपानमधल्या अशा एका माणसासाठी लिहा, ज्याला तुमच्या विषयात काडीचा रस नाही आणि ज्याच्याकडे तुमच्यासाठी अर्धा मिनिट आहे. पुढची प्रत्येक पायरी या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली आहे.

इथे ‘बिग एट’ म्हणजे कॉम्प, ह्युमॅनिटीज, मिस्क, न्यूज, रेक, साय, सॉक आणि टॉक या आठ शाखांची पद्धत सांगितली आहे. यातल्या सात शाखा १९८६-८७ च्या मोठ्या नामांतरात तयार झाल्या, ह्युमॅनिटीज १९९५ मध्ये आली. उदाहरण म्हणून समजा, तुम्हाला मराठी नाट्यसंगीतावर गट हवा आहे आणि तुम्ही नाव योजलंय रेक.म्युझिक.इंडियन.नाट्यसंगीत. (गटांची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं वापरून लिहितात. इथे ती देवनागरीत दिली आहेत.)

तयारी

मोफत मजकूर-सर्व्हरवर खातं काढा. इटर्नल सप्टेंबर हा त्यातला सगळ्यात सोपा, नोंदणी लागते पण पैसे लागत नाहीत. वाचायला थंडरबर्ड, पॅन किंवा एसएलआरएन यांपैकी कोणताही वाचक-प्रोग्राम चालेल. जोडणी सुरक्षित हवी असेल तर पोर्ट ५६३, साधी असेल तर ११९. गूगल ग्रुप्सच्या भरवशावर राहू नका. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजनेटचा नवा मजकूर येत नाही आणि तिथून पाठवताही येत नाही, जुना साठा शोधायला मात्र ते उपयोगी आहे.

मग न्यूज.ग्रुप्स हा गट निदान दोनतीन आठवडे फक्त वाचा. नव्या गटांची चर्चा इथेच होते. तिथली माणसं स्पष्ट बोलतात आणि तेच प्रश्न वर्षानुवर्षं विचारतात. ते प्रश्न आधी कळले तर तुमचा मसुदा त्यांची उत्तरं घेऊनच जाईल.

आधी मोजा

‘हा विषय फार महत्त्वाचा आहे’ या वाक्याला इथे वजन नाही. नाट्यसंगीत महत्त्वाचं आहेच, पण त्या फिनलंडच्या प्रशासकाला प्रश्न पडतो तो वेगळा: यावर आत्ता कोण बोलतंय, कुठे बोलतंय, आणि तिथे त्यांची काय अडचण होतेय?

म्हणून तीस दिवसांची मोजणी करा. रेक.म्युझिक.इंडियन.क्लासिकल, रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क आणि सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या तीन जुन्या गटांत नाट्यसंगीताशी संबंधित किती संदेश आले ते टिपा. संदेशांची संख्या एका रकान्यात, लिहिणाऱ्या वेगवेगळ्या माणसांची संख्या दुसऱ्यात. दुसरा रकाना जास्त बोलतो. चार जणांनी लिहिलेल्या १२० संदेशांपेक्षा पंचवीस जणांनी लिहिलेले ६० संदेश कितीतरी भक्कम, कारण चौघांतला एक गप्प झाला की पहिला गट आटतो. प्रत्येक नोंदीसोबत मेसेज-आयडी (त्या संदेशाची स्वतंत्र ओळखखूण) ठेवा, म्हणजे शंका घेणाऱ्याला स्वतः पडताळता येईल.

दोनच कारणं खऱ्या अर्थानं चालतात. एक, विषयावर भरपूर बोलणं होतंय पण मोठ्या गटाच्या गर्दीत ते बुडतंय. दोन, बोलणारी माणसं दुसरीकडे जमलेली आहेत, उदाहरणार्थ एखाद्या ईमेल-यादीवर, आणि ती इकडे यायला तयार आहेत. मोजणीत यातलं काहीच निघालं नाही तर प्रस्ताव पुढे ढकला आणि आहे त्या गटात लिहायला लागा. आज यूजनेटवरची एकूण वर्दळ नव्वदच्या दशकाच्या मानानं फार कमी आहे, म्हणून अशा वेळी थांबणंच बहुतेकदा शहाणपणाचं ठरतं. रिकाम्या गटात पहिला प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालं नाही, तर तो माणूस कायमचा जातो.

नाव

प्रस्तावावरचे बरेच वाद नावावरून होतात, आणि ते वाद फुकटचे नसतात. प्रशासक गट एकेक करून निवडत नाही, तो नमुने लिहितो: ‘रेकमधलं सगळं घे, टॉकमधलं काही नको.’ त्यामुळे नावाचा पहिला शब्द तुमचा गट किती यंत्रांवर पोचणार हे ठरवतो. १९८९ मध्ये मत्स्यालयांच्या गटावरून रण माजलं ते याचमुळे. छंद म्हणून त्याची जागा रेकमध्ये होती, प्रस्तावकाला मात्र साय (विज्ञानाची शाखा) हवं होतं, कारण साय जास्त ठिकाणी घेतलं जाई. शेवटी साय.ॲक्वेरिया आणि रेक.ॲक्वेरिया दोन्ही निघाले. पोच वाढवण्यासाठी चुकीची शाखा मागितलीत तर जुन्या लोकांना हाच किस्सा आठवेल.

नावाचे तांत्रिक नियम थोडे आहेत पण मोडता येत नाहीत:

- अक्षरं फक्त रोमन लहान लिपीतली, सोबत अंक, आणि क्वचित जोडरेघ किंवा अधिकचिन्ह.
- दोन टिंबांमधला शब्द निव्वळ आकड्यांचा नको. जुन्या सर्व्हरवर प्रत्येक शब्द म्हणजे एक फोल्डर आणि प्रत्येक संदेश म्हणजे त्यातली क्रमांकाची फाईल. ‘२००५’ नावाचा उपगट आणि वरच्या गटातला २००५ क्रमांकाचा संदेश एकाच जागेवर आदळतात.
- ‘ऑल’ आणि ‘सीटीएल’ हे शब्द राखीव आहेत.
- एक शब्द शक्यतो १४ अक्षरांच्या आत. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या काही जुन्या आवृत्त्यांत फाईलचं नाव त्याहून लांब चालत नसे. ही मर्यादा नंतर वाढवली गेली, तरी छोटं नाव सगळ्यांनाच सोयीचं.

रोमन लिपीत ‘नाट्यसंगीत’ बारा अक्षरांत बसतं. ‘मराठी-थिएटर’ मात्र जोडरेघेसकट पंधरा होतं, म्हणजे जुन्या नियमानं एका अक्षरानं बाद. पण बसतं म्हणून चांगलं असं नाही. ‘नाट्यसंगीत’ रोमनमध्ये लिहायच्या निदान चार तऱ्हा आहेत. शेवटी दोन ई की एक आय, मध्ये जोडरेघ आहे की नाही, यावरून शोधणारा चुकतो. बाहेरच्याला शब्दही कळत नाही. प्रस्तावात हे स्वतःच मांडा, दोन पर्याय द्या आणि तुम्हाला कोणता का बरा वाटतो ते दोन ओळींत सांगा. नावाबाबत हटून बसलेला प्रस्तावक चर्चेत एकटा पडतो.

शाखेतली जागाही तपासा. गायकी आणि पदं हा गाभा असेल तर रेक.म्युझिक.इंडियनखाली यायला हवं. नाटक कंपन्या, नेपथ्य, संहिता हेही तितकंच महत्त्वाचं असेल तर म्युझिकखाली त्याची कुचंबणा होईल. हा प्रश्न सुटला नसेल तर विषयच अजून ठरलेला नाही असं समजा.

न्यूजग्रुप्स ओळ

प्रस्तावातली ही सगळ्यात लहान गोष्ट सगळ्यात जास्त लोक वाचतात, कारण सर्व्हरच्या यादीत गटाच्या नावापुढे हीच ओळ दिसते. नाव, मग टॅब, मग वर्णन, सगळं मिळून ८० रकान्यांच्या आत. वर्णनाची सुरुवात मोठ्या अक्षरानं, शेवटी पूर्णविराम, आणि गट मॉडरेटेड (संदेश आधी तपासून मगच सोडणारा) असेल तर त्यापुढे कंसात तसा शब्द. आपल्या नावाची रोमनमध्ये २९ अक्षरं होतात, टॅबनं वर्णन ३२ रकाने सोडून सुरू होतं, म्हणजे वर्णनाला ४७ रकाने उरतात. ‘मराठी म्युझिकल थिएटर अँड इट्स साँग्ज’ हे रोमनमध्ये पूर्णविरामासकट ३८ भरतं. ‘चर्चेसाठी गट’ असले शब्द घालू नका, सगळेच गट चर्चेसाठी असतात.

चार्टर

चार्टर म्हणजे गटाची कार्यकक्षा. वाद झाला की लोक हेच काढून दाखवतात, त्यामुळे प्रत्येक वाक्य भांडणाच्या दिवशी कसं वाचलं जाईल याचा विचार करून लिहा. एका पडद्यात मावलं पाहिजे. त्यात चार गोष्टी हव्यात.

पहिली, आत काय. संगीत नाटकांतली पदं, त्यांच्या चाली आणि राग, गायक-नट, ऑर्गन-तबल्याची साथ, ध्वनिमुद्रिका, सध्याचे प्रयोग. नमुने द्या पण ‘इत्यादी’वर भार टाकू नका.

दुसरी, शेजाऱ्यांशी सीमा. एखाद्या रागाची निखळ चर्चा क्लासिकलमध्ये, हिंदी चित्रपटगीतं मिस्कमध्ये. बालगंधर्वांच्या गायकीवरचा संदेश दोन्हीकडे बसतो, तेव्हा एकाच संदेशावर दोन गटांची नावं घालून पाठवायला परवानगी द्या, पण दोनच, आणि उत्तरं कुठे जावीत ते फॉलोअप-टू या ओळीत सांगायची अट घाला. एकच मजकूर वेगवेगळ्या गटांत सुटा सुटा पाठवणं पूर्ण बंद ठेवा. तसं झालं की वाचकाला तो पुन्हा पुन्हा दिसतो आणि उत्तरं विखुरतात.

तिसरी, काय चालणार नाही. एन्कोड केलेल्या ध्वनिफिती, चित्रं, एचटीएमएल. मजकूर-सर्व्हर जोडफाईल दिसली की संदेश टाकून देतात, आणि एखाद्या गटात त्यांचा सुळसुळाट झाला तर प्रशासक गटच काढतो. प्रयोगाची सूचना चालेल का, जुन्या तबकड्यांची विक्री चालेल का, हेही इथेच ठरवा. ‘प्रत्येक प्रयोगाची एकच सूचना, विषय-ओळीत शहराचं नाव’ असा नेमका नियम पाळता येतो. ‘जाहिराती टाळाव्यात’ हा पाळता येत नाही.

चौथी, भाषा आणि लिपी. आपल्याकडच्या गटांना हा मुद्दा विसरून चालत नाही. नव्वदच्या दशकात मराठी रोमनमध्येच लिहावं लागे. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स पद्धत त्यासाठी फार वापरली गेली, तिच्यात मोठा ‘ए’ म्हणजे ‘आ’, त्यामुळे अक्षर लहान की मोठं यावर अर्थ बदलतो. आज यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षर-पद्धतीत थेट देवनागरी लिहिता येतं. अडचण उरते ती विषय-ओळीची: तिथलं देवनागरी पाठवताना सांकेतिक रूपात जातं आणि काही जुन्या वाचक-प्रोग्राममध्ये ते उलगडत नाही, प्रश्नचिन्हं नि बरोबरची चिन्हं तेवढी दिसतात. म्हणून चार्टरमध्ये लिहा: मजकूर मराठी किंवा इंग्रजी, लिपी कोणतीही, पण विषय-ओळीत निदान मुख्य शब्द रोमनमध्ये.

मॉडरेटर हवा का

हा निर्णय प्रस्तावातच घ्यावा लागतो. नंतर खुला गट मॉडरेटेड करायचा तर नवा प्रस्ताव लागतो, आणि तो मंजूर झाला तरी काही सर्व्हर जुनीच खूण बाळगून बसतात. गटापुढे खुल्याची खूण असलेल्या सर्व्हरवर संदेश थेट छापले जातात, मॉडरेटेडची खूण असलेल्यांवर ते अडतात. लोकांना अर्धवट संभाषणं दिसू लागतात.

मॉडरेटेड गटात संदेश पाठवला की सर्व्हर तो छापत नाही, ईमेलनं मॉडरेटरकडे धाडतो. त्यासाठी गटाच्या नावातल्या टिंबांच्या जागी जोडरेघा घालून एक सामायिक पत्ता बनतो आणि तिथून टपाल तुमच्यापर्यंत वळवलं जातं. मॉडरेटर मंजुरीची ओळ घालून संदेश पुढे सोडतो. यात अडतं ते माणसापाशी. एकच मॉडरेटर असेल आणि तो आजारी पडला किंवा त्याचा पत्ता बंद झाला, तर गट कोणाला न कळता बंद पडतो. निदान तिघं हवेत, शक्य तर वेगवेगळ्या देशांतले, आणि संदेशांसाठीचा पत्ता तक्रारींच्या पत्त्याहून वेगळा. नाट्यसंगीतासारख्या शांत विषयाला मॉडरेटर न मागणं बरं.

प्रस्ताव पाठवणं

औपचारिक प्रस्तावाला आरएफडी म्हणतात, म्हणजे चर्चेचं आवाहन. आधी न्यूज.ग्रुप्सवर साध्या भाषेत कल्पना मांडा, हरकती ऐका, मग मसुदा करा. त्यातले भाग या क्रमानं येतात: गटाचं नाव आणि प्रकार, न्यूजग्रुप्स ओळ, कारणमीमांसा (तुमची मोजणी इथे), चार्टर, मॉडरेटेड असेल तर मॉडरेटरांची माहिती, कार्यपद्धती, हा प्रस्ताव कोणकोणत्या गटांत जाणार त्याची यादी, आणि प्रस्तावकाचं नाव नि चालू ईमेल पत्ता.

तो तुम्ही स्वतः सगळीकडे टाकायचा नाही. न्यूज.अनाउन्स.न्यूग्रुप्स हा घोषणांचा गट मॉडरेटेड आहे. मसुदा तिथे जातो आणि तिथून एकाच संदेशाच्या रूपात यादीतल्या सगळ्या गटांत निघतो, उत्तरं मात्र न्यूज.ग्रुप्सकडे वळवलेली असतात. यादीत विषयाशी खरा संबंध असलेले दोन ते चार गट ठेवा. ज्या गटातून वाचक काढून घेणार त्याला वगळलंत, तर ‘आमच्या पाठीमागे केलं’ ही तक्रार येणार, आणि ती रास्त असेल.

चर्चेत रोज एकदा या, प्रत्येक हरकतीला उत्तर द्या, पण प्रत्येक संदेशाला नको. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच शंका काढली की मसुदा बदला आणि दुसरा आरएफडी काढा. त्यात काय बदललं ते पहिल्याच परिच्छेदात सांगा.

निर्णय: आधी मतांनी, आता मंडळाकडून

जुन्या चर्चा वाचताना मतदानाचे नियम माहीत नसले तर काहीच कळत नाही, म्हणून ते थोडक्यात. चर्चेनंतर सीएफव्ही म्हणजे मतदानाचं आवाहन निघे आणि मतदान २१ ते ३१ दिवस चाले. मत ईमेलनंच द्यायचं, गटात जाहीर केलेलं मत धरत नसत. मंजुरीला दोन अटी एकदम लागत: होकार नकारांपेक्षा निदान १०० नी जास्त, आणि एकूण मतांत होकार निदान दोन तृतीयांश. १५० विरुद्ध ४० पास. ३०० विरुद्ध १८० नापास, कारण फरक १२० असला तरी प्रमाण साडेबासष्ट टक्केच. १०४ विरुद्ध ६ हेही नापास, फरक ९८. पुढे मतं मोजायचं काम स्वयंसेवक मोजणीदारांच्या तटस्थ गटाकडे गेलं. निकालात मतदारांची नावं-पत्ते छापत, म्हणजे कोणालाही आपलं मत तपासता येई. मग पाच दिवस हरकतींसाठी, आणि नापास झालेला प्रस्ताव सहा महिने पुन्हा आणायचा नाही.

या पद्धतीत लोकप्रियता मोजली जाई, वापर नव्हे. १९९६ मध्ये वर्णद्वेषी संगीताच्या एका प्रस्तावावर ५९२ होकार आणि ३३,०३३ नकार पडले. त्यातल्या बहुतेकांचा त्या गटाशी वाचक म्हणून काडीचा संबंध नव्हता. उलट मित्रांना गोळा करून मंजूर करून घेतलेले गट पुढे ओस पडले.

२००६ पासून मतदान नाही. बिग एट व्यवस्थापन मंडळ निर्णय घेतं. मधली काही वर्षं ते निद्रिस्त होतं, २०२० मध्ये नव्या सदस्यांनी काम पुन्हा सुरू केलं. आरएफडीवरची चर्चा निवली की ‘शेवटच्या हरकती’ची सूचना निघते, मग मंडळ आपसांत मत देतं आणि निकाल जाहीर करतं. समर्थकांची यादी पाठवण्यापेक्षा ‘मी महिन्यातून एवढं लिहीन’ असं स्वतःच्या नावानं न्यूज.ग्रुप्सवर सांगणारी पंधरा माणसं आणा.

हुकूम सुटल्यावर

मंजुरीनंतर ‘न्यूग्रुप’ नावाचा नियंत्रण-संदेश, म्हणजे सर्व्हरांना गट उघडायला सांगणारा संदेश, निघतो. त्यावर पीजीपी सही, म्हणजे पाठवणारा खरा आहे हे पडताळता येणारी डिजिटल सही, असते. ही सही तपासण्याची सोय सुरू असलेले सर्व्हर गट आपोआप उघडतात, बाकीचे प्रशासकाच्या नजरेस पडेपर्यंत थांबतात. आठवडाभरानं तीनचार वेगवेगळ्या सर्व्हरवर गट दिसतो का पाहा. दिसत नसेल तिथल्या प्रशासकाला एक नम्र पत्र: गटाचं पूर्ण नाव, निकालाचा मेसेज-आयडी, आणि तुम्ही त्याच सर्व्हरचे वापरकर्ते आहात हे वाक्य. पुन्हा पुन्हा लिहू नका.

पहिल्या महिन्यासाठी दहाबारा संदेश आधीच लिहून ठेवा आणि दर दोनतीन दिवसांनी एक सोडा. ‘चाचणी’ आणि ‘स्वागत’ असले संदेश नकोत. एखाद्या पदाच्या दोन गायकांनी गायलेल्या चालींतला फरक विचारा, म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला गप्प बसवणार नाही. चार्टर दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पुन्हा टाका, नवे वाचक तो मागे जाऊन शोधत नाहीत.

अल्टचा रस्ता

१९८७ मध्ये जॉन गिलमोर, ब्रायन रीड आणि गॉर्डन मोफेट यांनी अल्ट शाखा काढली, ती तेव्हाच्या गट-मंजुरीच्या व्यवस्थेला कंटाळूनच. तिथे मतदान नाही, मंडळ नाही. अल्ट.कॉन्फिगवर कल्पना मांडायची, आठवडाभर हरकती ऐकायच्या, मग कोणीही न्यूग्रुप संदेश पाठवू शकतो. त्याच्या मजकुरात न्यूजग्रुप्स ओळ, दोन परिच्छेदांचं समर्थन आणि चार्टर असलाच पाहिजे, कारण इथे प्रत्येक प्रशासक हातानं ठरवतो आणि कोरा संदेश सरळ दुर्लक्षित होतो. अल्ट.कॉन्फिगवर चर्चाच झाली नसेल तर कोणीतरी लगेच गट काढण्याचा उलटा संदेशही पाठवतो. विनोद म्हणून काढलेल्या हजारो नावांमुळे प्रशासक इथे सावध झालेले आहेत. नाट्यसंगीतासाठी हा रस्ता घेतलात तर बिग एटमध्ये का गेला नाहीत हा प्रश्न पहिला येईल, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा.